सोप्यातली खाट आता उचला

हे पत्र वाळवा तालुक्यातून आलं आहे. नाव छापू नका असं ताईंनी कळवलंय. पत्र सात पानांचं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते :

‘माझे मालक ५३ वर्षांचे. गेल्या वसुबारसेला पहाटे गोठ्यातच त्यांच्या छातीत भरून आलं. पित्त असेल म्हणून जिरं दे, सोडा दे, यात तीन तास गेले. मग सांगलीला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, हार्ट पस्तीस टक्केच चालतंय, जपा. तेव्हापासून मी त्यांना सोप्यातल्या खाटेवरून उठू देत नाही. पुण्याचा मुलगा रोज फोन करून विचारतो, पप्पा झोपून आहेत ना? जेवण अळणी, त्यावरून रोज वाद. चिडतात, कधी एकटेच रडतात. परवा म्हणाले, वाचलो कशाला. रात्री मी दोन-तीनदा उठून त्यांच्या नाकाशी हात धरून बघते. गोळ्यांना महिन्याला तीन हजार जातात. त्यातली एक शुगरची निघाली, यांना शुगर नाही, म्हणून ती बंद केली. एका पाहुण्यांनी काढा सांगितलाय, त्यानं ब्लॉकेज विरघळतात म्हणे. आम्ही वेगळे झोपतो, त्याचं लिहायला लाज वाटते. आठ महिने माहेरी गेले नाही. हल्ली घागर उचलली की माझाही डावा हात भरून येतो, ते दगदगीनं असेल. यांना आणखी किती जपू?’

ताई,

सात पानांत तुमच्याविषयी जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्यातली एक तुम्ही ‘दगदगीनं असेल’ म्हणून मिटवून टाकलीत. मी तिथंच थांबले. ओझं उचलल्यावर हात भरून येणं आणि टेकल्यावर कमी होणं हे हृदयाचं लक्षण असू शकतं. बायकांमध्ये तर कधी कधी छातीत कळ येण्याऐवजी हात, जबडा, पाठ दुखते, दम लागतो, घाम येतो, मळमळतं, आणि सगळं दगदगीच्या नावावर खपून जातं. दाजींचे तीन तास पित्ताच्या नावावर गेले, तसे तुमचे जायला नकोत. उद्याच डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढा, बीपी आणि शुगर बघून घ्या. बसल्याजागी हात भरून आला, सोबत घाम सुटला, तर उद्याचीही वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आता दाजींचं.

मी सत्तावीस वर्षं हृदयविभागात सिस्टर होते. गोळ्यांचे डोस ठरवणं माझं काम नव्हे, ते तुमचे डॉक्टरच करतील. पण डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या बायकोच्या चेहऱ्यावर काय असतं, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. हातात फाइल, औषधांची पिशवी आणि कानात एकच शब्द, ‘जपा’. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला कुणापाशी वेळ नसतो. मग बाई आपल्या परीनं अर्थ लावते : हलू द्यायचं नाही. तुम्ही तेच केलंत. यात तुमची चूक नाही.

आधी त्या पस्तीस टक्क्यांचं भूत उतरवू. तुम्हाला वाटतंय की शंभरातले पस्तीस राहिले, म्हणजे दोन तृतीयांश हृदय गेलं. तसं नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, त्याचा तो आकडा आहे. धडधाकट माणसाचं हृदयही सगळं रक्त फेकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच फेकतं. तेव्हा पस्तीसला शंभराशी न ताडता साठाशी ताडून बघा. दाजींचं हृदय कमजोर झालंय हे खरं, त्याला औषध लागणार हेही खरं, पण तुम्ही रात्री नाकाशी हात धरून बसावं इतकं ते संपलेलं नाही.

आणि तो आकडा कधीचा आहे? दिवाळीचा. अॅटॅकनंतर लगेच काढलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) म्हणजे मार लागलेल्या, दमलेल्या हृदयाचा फोटो. स्नायूचा काही भाग मेलेला असतो, काही नुसता बधिर झालेला असतो, आणि तो बधिर भाग पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा हलायला लागू शकतो. तुमच्या पत्रात दुसऱ्या इकोचा उल्लेखच नाही. आठ महिने तुमचं सगळं घर एका जुन्या आकड्यावर चाललंय! या महिन्यात इको पुन्हा करून घ्या. आकडा वाढला असेल तर घराचा जीव भांड्यात पडेल. वाढला नसेल तरी कळायलाच हवं, कारण नीट औषधं घेऊनही तीन महिन्यांत तो पस्तीसच्या वर गेला नाही, तर ठोके अचानक बिघडण्याचा धोका असतो आणि त्यासाठी आयसीडी नावाचं छोटं मशीन बसवायचं का, याचा डॉक्टर विचार करतात. हे त्यांना तुम्हीच विचारा.

इथंच त्या ‘शुगरच्या’ गोळीची गोष्ट येते. चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिन असं काहीसं नाव असेल, तर ती गोळी आली मधुमेहासाठी हे खरं, पण कमजोर हृदयाला ती शुगर नसतानाही उपयोगी पडते असं पुढं दिसून आलं. आज कमजोर हृदयासाठी जी चार गटांतली औषधं देतात, त्यातलं ते एक. बंद केलेली गोळी आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. आठ महिन्यांत काय घेतलं आणि काय सोडलं ते डॉक्टरांना खरं खरं सांगा. या औषधांचे डोस आधी कमी ठेवून, बीपी आणि रक्ततपासणी बघत हळूहळू वाढवायचे असतात. पहिल्याच चिठ्ठीवर आठ महिने गोळ्या आणत असाल तर ते वाढवायचं राहून गेलं असेल.

काढ्याला मात्र माझं स्पष्ट नाही. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. काढ्याच्या भरवशावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अचानक बंद केल्या तर त्या जाळीत गुठळी होऊन रस्ता पुन्हा बंद होऊ शकतो, तोही काही मिनिटांत. असे पेशंट रात्रपाळीला मी आत घेतलेत, सगळे परत घरी गेले नाहीत. पाहुण्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळीही नको. तिनं अंगात पाणी धरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आषाढी आणि श्रावणातले उपवासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लघवीची गोळी आणि रिकामं पोट यांचं जमत नाही.

आता खाट. तुम्हाला नवल वाटेल, पण एके काळी डॉक्टरही हेच करायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अॅटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे बिछान्यात निजवून ठेवायचे, घासही दुसऱ्यानं भरवायचा. त्यात किती माणसं पायात गुठळ्या होऊन, ती गुठळी फुफ्फुसात जाऊन दगावली! मग बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी पेशंटना उचलून चक्क खुर्चीत बसवायला सुरुवात केली. आधी इस्पितळातल्याच लोकांनी विरोध केला, ही माणसं मारणार म्हणाले. पेशंट मात्र जास्त बरे राहिले. १९५२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. आज साधा अॅटॅक असेल तर माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालतो, आणि घरी गेल्यावर हळूहळू चालणं वाढवणं हा उपचाराचाच भाग धरतात. त्याला कार्डियाक रिहॅब म्हणतात. शहरांतल्या काही मोठ्या हॉस्पिटलांत त्याचा वेगळा विभाग असतो. तो नसला तरी बरंच काही घरी करता येतं.

डॉक्टरांना विचारा, ‘यांनी चालायचं किती?’ शक्य असेल तर सहा मिनिटं चालायला लावून तपासणी करून घ्या. त्यांनी हो म्हटलं की पहिल्या आठवड्यात अंगणातच सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. चालता चालता बोलता आलं पाहिजे, हे माप. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की वेग कमी करायचा. जमेल तसं दोन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. जेवल्याबरोबर नको, भर उन्हात नको, चिखलाच्या बांधावर तर नकोच. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यातलं काहीही वाटलं तर जागच्या जागी बसायचं. एवढं सांभाळलं तर श्रावण संपेतो ते डेअरीपर्यंत चालत जातील असं मला वाटतं.

डेअरीचं मुद्दाम काढलं. तुम्ही लिहिलंय की रोज पहाटे आणि संध्याकाळी दूध घालायला तेच जायचे, आता दीर जातात आणि स्लिप आणून फळीवर ठेवतात. ताई, ती स्लिप दाजींच्या हातात द्या. फॅट किती लागलं, कुठली म्हैस आटत आली, पेंड कधी संपणार, दहा दिवसांचं बिल बरोबर लागलं का, हे बघायला हृदयाची ताकद लागत नाही. भरलेली किटली उचलणं, म्हशीला ओढणं, वैरणीचा भारा घेणं ही कामं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. पण ज्या माणसाच्या शब्दावर घर चालत होतं, त्याला आठ महिने ‘तुम्ही पडून राहा’ याशिवाय कुणी काही बोललेलं नाही.

मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली एक प्रश्नावली आहे, कमजोर हृदयाच्या पेशंटसाठी. एकवीस प्रश्न. मी ती वॉर्डात मराठीत तोंडीच विचारायची. त्यात छातीबद्दल फारसं काही नाही. गेल्या महिन्यात दिवसा पडून राहावं लागलं का? जिना चढणं अवघड गेलं का? आवडीचं खाणं कमी झालं का? औषधपाण्याला पैसे गेले का? बायको-नवऱ्याचे संबंध अवघड झाले का? आणि एक प्रश्न असा, की आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का? या प्रश्नाला गडीमाणसं खिडकीकडे बघायला लागायची. एक जण तर मला म्हणाला, ‘सिस्टर, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.’ दाजींना हा प्रश्न विचारा. उत्तर लगेच येणार नाही. गोठ्याशी शेजारी बसून विचारा, समोर उभं राहून नको.

‘वाचलो कशाला’ हे त्यांचं वाक्य मी हलक्यात घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. अॅटॅक येऊन गेलेल्या पाचांतल्या साधारण एकाला पुरतं नैराश्य येतं, थोडंबहुत मन खचणं त्याहून जास्त जणांत असतं, आणि मन खचलेल्या माणसाचं हृदयही मागे पडतं. गोळ्या चुकतात, चालणं होत नाही, झोप लागत नाही. ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प करण्यापेक्षा सरळ विचारा, जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटतं का? विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दिरांच्या घरी हलवा किंवा कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या कमरेला. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. नैराश्यावर कमजोर हृदयालाही चालतील अशी औषधं आहेत. रडणाऱ्या पुरुषाला ‘बाईसारखं काय’ म्हणणारे पाहुणे तूर्त सोप्यात नकोत.

अळणी जेवणाचा वाद तुम्ही मिटवू शकाल. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाही पुरा नाही. यात पापड, सांडगे, लोणचं, खारी, फरसाण, सगळं मोजायचं. पापडात मीठ आहेच, वर पापडखारही आहे. हे सगळं बंद केलं, तर भाजीत थोडं मीठ घालायला जागा उरते. दाजींना किती चालेल ते डॉक्टरांकडून आकड्यात घ्या आणि दिवसाचं मीठ सकाळीच एका वाटीत काढून ठेवा. खर्डा हवाच असेल तर मिरची-लसूण-शेंगदाणे भाजून मीठ न घालता करा, वर लिंबू पिळा. आंबट आणि लसणीची चव असली की जीभ मिठाची आठवण कमी काढते. सैंधव चालतं असं कुणी सांगेल, तेही मीठच. आणि दुकानातलं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, दाजींच्या गोळ्यांपैकी काहींनीही पोटॅशियम वाढतं, आणि ते फार वाढलं तर ठोक्यांवर येतं.

नाकाशी हात धरण्याऐवजी हे करा. एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन, आणि ते दाजींनी स्वतः कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पावलं सुजली, आडवं पडल्यावर खोकला यायला लागला, एका उशीच्या दोन उशा लागायला लागल्या, तर अंगात पाणी साठतंय, त्याच दिवशी दवाखान्यात फोन. छातीत दुखलं तर खाली बसवायचं, आणि जिभेखालची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती द्यायची. पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. यात जिरं-सोडा कुठंही नाही. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून देव्हाऱ्याशेजारी लावा आणि मुलालाही फोटो पाठवा. त्याला म्हणावं, ‘पप्पा झोपून आहेत ना’ असं विचारू नकोस, ‘पप्पा आज किती चाललात’ असं विचार.

लाजेची गोष्ट. तुम्ही अर्धी ओळ लिहून सोडलीत, पण फार बरं केलंत की लिहिलीत. दोन मजले न थांबता, धाप न लागता चढता येत असतील तर बहुतेकांना नवरा-बायकोचे संबंध झेपतात. दाजी आठ महिने पडून आहेत, त्यामुळे चालणं वाढल्यावर डॉक्टरांना विचारूनच. मात्र मित्रानं दिलेली ‘ताकदीची’ गोळी कधीही नको. ती आणि जिभेखालची गोळी एकत्र आल्या तर बीपी इतकं खाली जातं की जीव जाऊ शकतो. आणि त्याच खोलीत शेजारी झोपायला कुणाचीच परवानगी लागत नाही. आजपासून झोपा.

पैशांचं थोडक्यात सांगते. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, भेटा. काही उपचारांनंतरच्या तपासण्या आणि औषधांचीही योजनेत तरतूद आहे, तुमच्या कागदांवर ती बसते का ते तो सांगेल. डॉक्टरांना म्हणावं, गोळ्यांची मूळ नावं लिहून द्या, आणि ती चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवा. खर्चात बराच फरक पडतो. नाव बदललं म्हणून घाबरू नका, पण आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे याची खात्री करून घ्या. आणि पैसे कमी पडतात हे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका. त्यांना कळलंच नाही तर ते महागडी गोळी लिहीत राहतील आणि तुम्ही एक दिवसाआड देत राहाल.

नागपंचमीला माहेरी जा. दोन दिवस. जाण्याआधी आठवडाभर गोळ्यांचा डबा दाजींनाच भरायला लावा, तुम्ही नुसतं बघा. सात खण, सकाळ-दुपार-रात्र. पहिल्या दिवशी चुकेल, तिसऱ्या दिवशी चुकणार नाही. जाऊबाईंना वजनाचं कॅलेंडर दाखवून ठेवा.

पण त्याआधी तुमचा ईसीजी. उद्या जाताना दाजींना बरोबर न्या. दवाखान्याच्या बाकावर तुमची पिशवी धरून बसायला त्यांना सांगा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी आल्यावर मुलाला फोनवर त्यांनाच सांगू द्या.